चौथ्या जागेचा पेला

१

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी मी घराला कुलूप लावते, जिन्याच्या अकरा पायऱ्या उतरते, अडीचच्या आत पाण्याच्या खोलीचे दार उघडते आणि तीनच्या आत घरी परतते. निवृत्तीनंतरच्या सहा वर्षांत हा क्रम चुकलेला नाही, तापातही नाही. जिन्याची खालून चौथी पायरी सैल आहे. तिच्यावर पाय पडला की ती कुरकुरते. घरमालकाला मी तीन लेखी सूचना दिल्या. त्याने पायरी दुरुस्त केली नाही, पण माझे अक्षर फार सुंदर आहे असे तो चारचौघांत सांगत असतो.

पाण्याची खोली बर्फाच्या कारखान्याला लागून आहे. लांब, अरुंद, एकाच खिडकीची. कारखान्यातली यंत्रे चालू असली की तिची भिंत हुडहुडी भरल्यासारखी थरथरते. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच जाड फळी आहे आणि फळीवर निळ्या काठाचे पांढरे एनॅमलचे पेले. बंदरात चार बोटी, बोटीवर सहा माणसे, म्हणून चोवीस पेले. बोट समुद्रावर गेली की तिच्या सहा पेल्यांत रोज ताजे गोडे पाणी भरायचे आणि कालचे उंबऱ्याबाहेर ओतायचे. बोट परत आली की प्रत्येकाने कोणाशीही एक शब्द बोलण्याआधी या खोलीत यायचे, आपला पेला पिऊन रिकामा करायचा आणि मगच घरी जायचे. जो परतणार नाही, त्याचा पेला त्याच्या घरच्या माणसाने उपडा करायचा. एकविसाव्या दिवशी तो धक्क्याच्या शेवटच्या पायरीवरून समुद्रात सोडायचा. एवढीच रीत. ती कोणी घालून दिली हे कोणाला माहीत नाही, आणि माझ्याखेरीज कोणी विचारलेही नाही.

आधी हे काम जाळी विणणाऱ्या मावशींकडे होते. त्यांचे गुडघे गेले, तेव्हा त्यांनी किल्ली माझ्या हाती दिली.

"मावशी, मी करीन," मी म्हणाले. "पण माझा यावर विश्वास नाही, हे आधीच सांगते."

"विश्वास कोण मागतंय, बाई? पाणी रोज बदला म्हणजे झालं." त्या उंबऱ्यावर बसून गुडघा चोळत होत्या. "दोनच गोष्टी सांभाळा. पेला भरायचा म्हणजे वाट बघायची. वाट न बघता भरलात तर ते नुसतं पाणी. आणि जागा बदलायची नाही. बोटीवर जो माणूस जिथे उभा राहतो, तिथेच फळीवर त्याचा पेला. पहिला तांडेलाचा, म्हणजे बोटीच्या म्होरक्याचा; शेवटचा बोटीच्या शेपटाकडच्याचा. नऊ-नऊ दिवस झोप नसलेली माणसं असतात. डोळे मिटूनसुद्धा आपला पेला उचलतात."

"सगळे पेले एकसारखेच तर आहेत. चुकून बदलला तर काय बिघडतं?"

"आपल्याला सारखे दिसतात," मावशी म्हणाल्या. "पेल्याला ओठ कळतात."

मी हसले नाही. वर्गात भलते उत्तर आले तरी हसू नये, हा माझा नियम होता.

२

ज्याला सगळे नुसते तांडेल म्हणत, त्या थोरल्या तांडेलाच्या बोटीवरची चौथी जागा माझ्या धाकट्या भावाची होती. जाळे ओढायच्या रहाटापाशी तो उभा राहत असे.

आई-वडील गेले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि धाकटा सात. पुढे तो मी शिकवीत असे त्याच शाळेत, माझ्याच वर्गात आला. नववीच्या परीक्षेत गणितात त्याला तेहतीस गुण मिळाले. उत्तीर्ण व्हायला पस्तीस लागत. मुख्याध्यापिका दोन गुण वाढवून द्यायला तयार होत्या. मी नाही म्हटले. त्यांनी त्याला बोलावून विचारले, तेव्हा तोही नाही म्हणाला. "ताईने दिले नाहीत, म्हणजे ते माझे नाहीत," हे त्याचे शब्द. महिन्याभरात तो बोटीवर गेला. मी त्याला कधी म्हणाले नाही की माझे चुकले, कारण माझे चुकले नव्हते. उत्तर चूक होते.

त्याने मनात राग धरला नाही. बोट आली की दुपारी तीन वाजता चौथी पायरी ओलांडून तो वर यायचा, खिडकीपाशी बुटक्या स्टुलावर बसायचा आणि माठातले पाणी घटाघटा आवाज करीत प्यायचा. हाताच्या तळव्यांना मिठाने भेगा पडलेल्या असत. पेला तो दोन्ही मनगटांत धरी.

"माणसासारखा पी," मी म्हणायची.

"माणसंच अशी पितात, ताई. तू पितेस तशी पुस्तकं पितात." मग जरा थांबून, "चौतीस वर्षांत किती जणांना नापास केलंस गं?"

"जितके नापास झाले, तितक्यांना."

"म्हणजे तू कोणालाच केलं नाहीस."

"बरोबर."

तो खिडकीतून समुद्राकडे बघत हसायचा. दात फार चांगले होते त्याचे.

गेल्या वर्षी नवे पेले आणले, तेव्हा तो आपला पेला मला दाखवायला घेऊन आला होता. माझ्या हातातले कुलूप नेमके त्यात पडले आणि आतून, तळाच्या मधोमध, एनॅमलचा टवका उडाला. पांढऱ्या तळावर काळा, गोल ठिपका.

"याला तू डोळा दिलास," तो पेल्यात डोकावून म्हणाला. "आता मी पाणी पीत असताना हा माझ्याकडे बघत बसणार. तुझ्यासारखाच."

३

तांडेलाची बोट गेल्यावर तिसऱ्या दिवशी मला त्या सहा पेल्यांच्या बुडाशी तपकिरी वळी दिसली. घाण मला सोसत नाही. मी सहाही पेले खाली काढले, राख आणि काथ्या घेऊन घासले, खिडकीच्या कट्ट्यावर निथळायला ठेवले आणि पुन्हा फळीवर मांडून पाण्याने भरले. ज्या क्रमाने काढले त्याच क्रमाने मांडले, असे मी तेव्हा शपथेवर लिहून दिले असते.

चौथ्या दिवशी समुद्र फिरला. सहाव्या दिवशी दुसऱ्या तिन्ही बोटी परत आल्या. सातव्या दिवशी आणि आठव्या दिवशी मी पाणी बदलले. त्या दोन्ही दिवशी मी नुसते पाणी भरले नाही, हे कबूल करते. नवव्या दिवशी दुपारी पावणेतीनच्या सुमारास मी खोलीत असतानाच बोट धक्क्याला लागली.

रीतीप्रमाणे ते न बोलता आत आले. अंगावरून पाणी ठिबकत होते. ओठ फुटलेले, डोळे लाल. तांडेलाने पहिला पेला उचलला. दुसऱ्याने दुसरा. तिसऱ्याने तिसरा. मग नांगऱ्या पुढे झाला. नांगराचा दोर सांभाळणारा हा माणूस बोटीवर धाकट्याला खांदा लावून उभा असे. त्याने पाचवा पेला उचलला. शेवटी सहावा उचलला गेला.

चौथा पेला फळीवर भरलेलाच राहिला. मला कोणी काही सांगितले नाही. रीत अशी की सांगताही येत नव्हते. पाचही जण खाली बघून पाणी पीत होते आणि त्या शांततेत मला एकच आवाज ऐकू आला. घट्, घट्, घट्. मी दाराकडे वळून पाहिले. दारात कोणी नव्हते. आवाज नांगऱ्याच्या घशाचा होता. पेला त्याने दोन्ही मनगटांत धरला होता.

पेला खाली ठेवून तो माझ्याकडे वळला. पंधरा वर्षांच्या ओळखीत त्याने मला "बाई" म्हटले होते. सगळे बंदर तेच म्हणते.

"ताई," तो म्हणाला.

मग तांडेल बोलू लागला. लाट कशी आली, रहाटाचा दोर कसा तुटला, नांगऱ्याने धाकट्याचा हात कसा धरला होता आणि तो कसा सुटला. मी सगळे नीट ऐकले. मावशींना कोणीतरी धरून आणले होते. "बाई, तुम्हालाच करायचं आहे," त्या म्हणाल्या. मी चौथ्या जागेचा पेला उंबऱ्याबाहेर ओतला आणि फळीवर उपडा ठेवला.  आत पाहण्याचे मला सुचले नाही.

४

पेला उपडा केल्यापासून चौथ्या दिवशी दुपारी तीन वाजता जिन्यावर पावले वाजली. मी उत्तरपत्रिका तपासल्यासारखी ती मोजत गेले. एक, दोन, तीन, मग चौथी ओलांडून एक मोठी ढांग, थेट पाचवी.

नांगऱ्या आजवर माझ्या घरी कधी आला नव्हता. दारात चपला काढून तो सरळ खिडकीपाशी गेला आणि बुटक्या स्टुलावर बसला. खोलीत दोन चांगल्या खुर्च्या होत्या.

"पाणी देतेस?" तो म्हणाला.

मी दिले. तो प्यायला. मी पुन्हा दिले. पाच पेले झाले तरी त्याचे ओठ कोरडेच दिसत होते.

तो गेल्यावर मी स्वतःशी वाद घातला. ज्याच्या हातातून दुसऱ्याचा हात सुटला, तो माणूस सुटलेल्याच्या लकबी उचलतो. असे होत असावे. चौथी पायरी सैल आहे हे खालूनही दिसते. स्टूल खिडकीजवळ होते आणि त्याला हवा हवी असेल. "ताई" हे त्याने सांत्वनासाठी म्हटले. प्रत्येक मुद्द्याला उत्तर होते. सगळी उत्तरे बरोबर असतानाही बेरीज जुळत नाही, असे वर्गात कधीकधी होई. तेव्हा मी मुलांना प्रश्न पुन्हा वाचायला सांगत असे.

तो रोज येऊ लागला. फारसे बोलत नसे. बोट दुरुस्तीसाठी ओढून ठेवली होती, त्यामुळे त्याला काम नव्हते. मी भाजी निवडायची, तो समुद्राकडे बघत बसायचा. मला हे लिहायला संकोच वाटतो, पण लिहिते: पाण्याच्या खोलीतून परतल्यावर मी दोनदा आरशात पाहू लागले. तीन वाजण्याच्या आत माठ भरून ठेवू लागले. घरात दुसऱ्या माणसाचा श्वास असला की भिंतींची लांबी कमी होते.

अकराव्या दिवशी तो जाता जाता दारात थांबला.

"ताई, त्या दोन गुणांचं मनाला लावून घेऊ नकोस. मी कधीच घेतलं नाही."

बोटीवरच्या रात्री लांब असतात. धाकट्याने मित्राला सांगितले असेल. मी दार लावून घेतले आणि बराच वेळ कडी धरून उभी राहिले.

५

नांगऱ्याची बायको मासळी निवडायच्या शेडमध्ये कामाला होती. सोळाव्या दिवशी तिने मला तिथे बोलावून घेतले. पहाटेपासून दुपारपर्यंत बर्फात हात घालून उभे राहायचे, हे त्या बायकांचे काम. बोलता बोलताही तिचे हात थांबले नाहीत. मोठे इकडे, लहान तिकडे. बोटे पांढरी पडून फुगलेली होती.

"बाई, तुमच्याकडे येतात ना हे रोज?"

"येतो."

"काय बोलतात?"

"काही नाही. पाणी पितो."

"घरीही तेच. पहाटे उठून बघावं तर पिंपाशी बसलेले." शेजारची बाई कान देते आहे हे पाहून तिने तिला सुनावले, "तुझी टोपली भरली का गं? मग माझी कशाला बघतेस?" आणि मग माझ्याकडे सरकून हलक्या आवाजात, "मीठ कुठल्या डब्यात आहे ते यांना ठाऊक नाही. आठ वर्षं त्याच डब्यात आहे. झोपतात ते दाराशी आडवे होऊन, कोणाच्या घरी मुक्कामाला आल्यासारखे. माझ्याशी इतकं अदबीने वागतात की मला रडू येतं. आमचे हे कधी अदबीने वागले नाहीत, बाई."

"धक्का बसला आहे त्याला. वेळ जाऊ दे."

"तांडेलही तेच म्हणाले. हाय खाल्ली आहे म्हणाले." तिने एक मासा उचलला आणि तो कुठल्या ढिगात टाकायचा हे तिला सुचेना. "आमची चिमणी तीन वर्षांची आहे. बाप आला की मानगुटीवर चढून बसायची. आता पदराआड लपते. काल मला विचारते, आई, हे काका आपल्या घरी कधी जाणार?"

मी तिला म्हणाले की लहान मुले काहीही बोलतात. चौतीस वर्षे मुलांत घालवलेल्या बाईने हे वाक्य उच्चारायला नको होते. मुले काहीही बोलत नाहीत.

६

विसाव्या दिवशी मी पाण्याच्या खोलीत झाडलोट करीत होते. तांडेलाच्या बोटीचे पाच रिकामे पेले मी कापडाने झाकून ठेवले होते. कापड झटकायला काढले, आणि खिडकीतून येणारा तिरपा उजेड पाचव्या पेल्यात पडला.

पेल्याच्या तळातून काळा डोळा माझ्याकडे बघत होता.

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग चौथ्या जागेचा उपडा पेला उचलला. तो आतून स्वच्छ, कोरा होता, टवका नव्हता. त्याच्याखाली फळीवर पाण्याचे गोल वळे होते. वीस दिवस पेला उपडा, खिडकीतून वारा, आणि फळी ओली. मी बोट लावून पाहिले. पाणी कोमट होते.

पेले मीच घासले होते. मीच मांडले होते. चौथ्याचा पाचवा आणि पाचव्याचा चौथा झाला होता. बुडलेल्याचा पेला जिवंत माणूस प्यायला होता, आणि जिवंत माणसाचा पेला मी माझ्या हातांनी उपडा केला होता. उद्या तो समुद्रात जायचा होता.

माझा या रितीवर विश्वास नव्हता. मग मी पेला पुन्हा उपडा का ठेवला, कापड घाईघाईने का टाकले, आणि दाराबाहेर कोणी आहे का ते का पाहिले?

तीन वाजता तो आला. खिडकीत बसला. मी पाणी दिले.

"उद्या एकविसावा ना?" त्याने विचारले.

"हो."

"मग झालं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात सुटका होती. परीक्षेचा शेवटचा पेपर उद्यावर आलेल्या मुलाच्या आवाजात असते तशी. त्याने ओठ पुसले आणि समुद्राकडे पाठ फिरवून बसला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच.

उद्या काहीही केले नाही, नुसते गप्प राहिले, तर रोज तीन वाजता जिना वाजणार होता. माझ्या मरणापर्यंत. असा मी विचार केला, असे म्हणणार नाही. हे मी मोजले.

संध्याकाळी भाजीच्या दुकानापाशी त्याची बायको भेटली. चिमणी तिच्या कडेवर झोपली होती.

"बाई, तुम्ही शिकलेल्या. तुम्हाला काही सुचतंय का?"

"नाही," मी म्हणाले.

७

एकविसाव्या दिवशी सकाळी ओहोटीच्या वेळी सगळे धक्क्यावर जमले. तांडेल, बोटीवरचे उरलेले, शेडमधल्या बायका हात पुसत, मावशी कोणाच्या तरी पाठीला टेकून. मी चौथ्या जागेचा पेला छातीशी धरून शेवटच्या ओल्या पायरीवर उतरले. मागे तांडेल गोड्या पाण्याचे भांडे घेऊन उभा होता. पेला भरायचा आणि अलगद पाण्यावर ठेवायचा.

तांडेलाने पेला भरला. मी वाकले. समुद्र अगदी सपाट होता, दारात वाट पाहणाऱ्या माणसासारखा.

तेवढ्यात माझ्या खांद्यामागे, अगदी कानाशी, नांगऱ्याचा आवाज आला. बाकी कोणाला ऐकू गेला नसावा.

"ताई, सोड ना."

मी वळून पाहिले नाही. त्या आवाजात लाडीगोडी होती. धाकट्याने आयुष्यात माझ्याजवळ काही मागितले नव्हते. मिळत असलेले दोन गुण ज्याने घेतले नाहीत, तो दुसऱ्याची बायको, दुसऱ्याची मुलगी, दुसऱ्याची हाडे घेणार नव्हता. जो मागत होता त्याला धाकट्याचे सगळे ठाऊक होते. पण मागणे धाकट्याचे नव्हते.

"ताई. तहान लागली आहे गं."

मी पेला वर घेतला. पायऱ्या चढून वर आले. 

"थांबा," मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचत असे तोच आवाज. "हा पेला माझ्या भावाचा नाही. मी पेले घासले आणि मांडताना अदलाबदल केली. चूक माझी आहे."

 मावशींनी डोळे मिटले. मी माझ्या तोंडून ते वाक्य पहिल्यांदा ऐकले, आणि ते इतके लहान आहे याचे मला आश्चर्य वाटले.

तांडेल माझ्या गळ्यातली किल्ली घेऊन धावत गेला आणि पाचव्या जागेचा पेला घेऊन आला. मी माझ्या हातातला भरलेला पेला नांगऱ्यापुढे धरला.

"हा तुझा. पी."

"नको, ताई."

"पी म्हणते ना."

त्याने दात आवळले. माझ्याकडे बघितले. ते बघणे मी ओळखत होते. नववीच्या निकालाच्या दिवशी व्हरांड्याच्या टोकावरून तसेच कोणीतरी माझ्याकडे बघितले होते. माझा हात खाली येऊ लागला. तेव्हा चिमणीला कडेवर घेतलेली त्याची बायको पुढे झाली. तिने आपली फुगलेली पांढरी बोटे माझ्या बोटांवर ठेवली आणि आम्ही दोघींनी मिळून पेला त्याच्या ओठांना लावला.

तो प्यायला. आवाज झाला नाही. अगदी शेवटचा थेंब जाईपर्यंत झाला नाही.

मग तो मटकन खाली बसला, आजूबाजूला पाहू लागला, आणि त्याचे लक्ष बायकोच्या कडेवर गेले. "चिमणे, कोणाला घाबरलीस गं?" तो म्हणाला. चिमणीने आधी त्याचा कान ओढून पाहिला. मग तिने हात पुढे केले.

पायऱ्या मी एकटीच उतरले. टवक्याचा पेला भरून पाण्यावर ठेवला. भरलेला पेला लगेच बुडायला हवा, एवढे विज्ञान मलाही येते. तो बुडला नाही. हातभर अंतरावर सरळ उभा राहिला. मग त्यातले पाणी कमी होऊ लागले. सांडले नाही, कमी झाले. काठ जरासा एका बाजूला कलला, खालून कोणी दोन्ही मनगटांत धरून ओठांकडे न्यावा तसा. पाण्याच्या आत काहीतरी पांढरे दिसले, एका ओळीत, नीट. ते दात होते असे मी म्हणत नाही. मला तसे वाटले, एवढेच लिहिते.

मग पेला खाली गेला. आणि तो आवाज झाला. तीनदा.

८

तांडेलाची बोट पुन्हा समुद्रावर जाऊ लागली आहे. रहाटापाशी आता दुसऱ्या बंदरातला एक माणूस उभा राहतो. तो आपला पितळी पेला घेऊन आला आणि त्याने तो फळीच्या टोकाला ठेवला. चौथ्या जागी ठेवायला त्याचे मन झाले नाही. नांगऱ्या रस्त्यात भेटला की "बाई, बरं आहे ना?" असे विचारतो. जिन्यावर तो कधी आला होता हे त्याला आठवत नाही. मी आठवण दिली नाही.

तीन वाजता मी घरी असते. आता कोणी येत नाही. स्टूल मी खिडकीपासून हलवले, मग पुन्हा तिथेच ठेवले. माठ संध्याकाळपर्यंत भरलेला राहतो. चौथी पायरी मी घरमालकाला दुरुस्त करू दिली नाही. तो सुतार घेऊन आला तेव्हा मी त्याला परत पाठवले. ती आता फक्त माझ्या पायाखाली कुरकुरते.

मावशी मधे एकदा म्हणाल्या, "बाई, तुम्ही बोललात म्हणून निभावलं." मी म्हणाले, "एक दिवस उशिरा बोलले." त्यांनी मान डोलावली. खोटे सांत्वन न करणारी माणसे मला आवडतात.

फळीवर मात्र ती रिकामी जागा मला दिसू लागली. सहांच्या ओळीत पाच पेले आणि मधे खाच, पडलेल्या दातासारखी. रोज अडीच वाजता डोळा तिथेच जाई. शेवटी मी घरातला माझा पेला आणून तिथे ठेवला. साधा, पांढरा, कुठेही टवका नसलेला. मांडणी नीट दिसावी म्हणून. मी समुद्रावर जात नाही, तेव्हा तो भरण्याचा प्रश्न नव्हता. भरायचा म्हणजे वाट बघायची, आणि माझी वाट बघायला या जगात कोणी नाही.

हे चार महिन्यांपूर्वीचे. गेल्या सोमवारी मी दार उघडले, तेव्हा तो काठोकाठ भरलेला होता. किल्ली एकच आहे आणि ती माझ्या गळ्यात असते. मी तो उंबऱ्याबाहेर ओतला, पुसला, ठेवला. मंगळवारी पुन्हा भरलेला. बुधवारी पुन्हा. आज मी तो ओतला नाही. खिडकीशी नेऊन उजेडात धरला. पाणी नितळ आहे. तळाच्या मधोमध काळा, गोल ठिपका आहे.

ते पाणी गोडे आहे की खारे, हे मी अजून चाखून पाहिलेले नाही. पेला चौथ्या जागी परत ठेवला आहे. जागा बदलायची नाही.